किती दारं उघडली

१

आप्पांचा शेवटचा साधा दिवस गुरुवार होता. मार्च १९६०.

दर गुरुवारी ते गिरगावातल्या ऑफिसातून लवकर निघत आणि परळला माझ्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहत. पांढरा बुशशर्ट, हातात छत्री, उन्हाळा असला तरी. मग आम्ही चालत नायगावच्या घरी जात असू. बोलणं बेताचंच. चार वर्षांपूर्वी आमच्यात जे बोलून झालं होतं, त्यानंतर फारसं बोलायची सवय राहिली नव्हती.

त्या दिवशी बसथांब्यावर एका म्हाताऱ्याने माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

"चेडवा, ही बस लालबागाक जाता मा?"

"ही नाही. पुढची," मी म्हणाले.

"आवाज वळखीचो लागता. तू काळाचौकीतली काय गो? कोणाचा चेडू?"

मी त्याला ओळखलं होतं. गुणाजी परब. काळाचौकीला आमच्या जुन्या चाळीत गॅलरीच्या टोकाला राहायचा, गिरणीत मागावर होता. त्याची बायको सुंदराबाई. तिच्या आवाजामुळेच आम्ही ती चाळ सोडून नायगावला आलो होतो.

"नाही हो, मी इथलीच. शाळेत शिकवते," मी म्हणाले.

आप्पा दोन पावलांवर उभे होते. ते घड्याळजीच्या दुकानाच्या काचेकडे बघत राहिले. बस आली तेव्हा त्यांनी पुढे होऊन गुणाजीला कोपराशी धरून वर चढवलं. तोंडातून शब्द काढला नाही. त्यांचा आवाजही त्याने ओळखला असता.

"बरा होवंदे तुझा," गुणाजी म्हणाला.

घराजवळ आल्यावर आप्पा म्हणाले, "रविवारी मोकळी आहेस? एक रेकॉर्ड ऐकवायची आहे. हार्मोनियमची."

"हार्मोनियमची? तुम्हाला तर ती पेटी ऐकून डोकं दुखायचं."

"हो," ते हसले. "पण शेवटपर्यंत ऐकायची. मध्येच उठायचं नाही."

"बघू. वह्या तपासायच्यात," मी म्हणाले.

शुक्रवारी दुपारी ते ऑफिसातल्या खुर्चीतच गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. टेबलावर अर्धा कप चहा होता.

२

मंगळवारी गंगाधरपंत भेटायला आले. मंजुघोष रेकॉर्ड कंपनीचे मॅनेजर, दादरला राहणारे, बोलणं मोजून मापून. आईने, म्हणजे बकुळाबाईंनी, पाणी दिलं. ते त्यांनी संपूर्ण प्यायले, आणि मग ग्लास हातातच धरून बसले.

"राधाबाई, ही वेळ नाही, मला कळतं. पण शनिवारपर्यंतच मुदत आहे."

"कसली?"

"एक मे रोजी राज्य होतंय. कंपनीला त्या दिवसासाठी रेकॉर्ड काढायची आहे. गेल्या आठवड्यात सोमवारच्या बैठकीत दौलतराव, म्हणजे तुमचे वडील, म्हणाले, 'नवं कशाला? सुंदराबाईचा साचा आहे की. काढून देतो.' सगळे चकित झाले. कारण तो साचा छपन्न सालीच मोडला होता. स्वतः दौलतरावांच्या सहीने."

मला ते सांगायची गरज नव्हती.

पंचावन्नच्या डिसेंबरात आप्पांनी सुंदराबाईचा संयुक्त महाराष्ट्राचा पोवाडा मुद्रित केला होता. गिरणीतली बाई, कधी मायक्रोफोन पाहिलेला नाही. जानेवारीत मुंबईत गोळ्या चालल्या, आणि कंपनीचे मालक घाबरले. हुकूम आला: साचा वितळवा. तबकड्या छापायच्या त्या तांब्याच्या साच्यावरून. साचा गेला की गाणं गेलं. आप्पांनी सही केली. पुढच्या वर्षी सुंदराबाई क्षयाने वारली. तिच्या आवाजाचा एक कणही मागे राहिला नाही. चाळीतलं कुणी आमच्याशी बोलेना.

मी तेव्हा वीस वर्षांची होते, रोज मोर्च्यांत जायची. मी आप्पांना म्हणाले होते, "तुम्ही खुर्चीसाठी एका बाईचा गळा वितळवलात."

ते म्हणाले होते, "हो."

"मग आता काय झालं?" मी गंगाधरपंतांना विचारलं.

"मी परळच्या कारखान्यात साचेघर उघडून बघितलं. पाकीट क्रमांक चारशे बारा. रिकामं. आता दोन्हींपैकी एक खोटं आहे. छपन्न साली ते खोटं बोलले, किंवा गेल्या सोमवारी. मालकांचं मत असं की साचा त्यांनी तेव्हाच दुसऱ्या कंपनीला दिला. तशी नोंद होईल. आणि शनिवारी तेच गाणं आम्ही दुसऱ्या गायिकेकडून गाऊन घेऊ. लेबलवर सुंदराबाईचं नाव राहणार नाही."

आई भिंतीशी उभी होती. ती पहिल्यांदाच बोलली.

"तीस वर्षं त्यांनी तुमच्याकडे काढली. साधी टाचणी घरी आणली नाही."

गंगाधरपंतांनी ग्लास खाली ठेवला. "म्हणूनच आलोय, वहिनी. मलाही ते चोर वाटत नाहीत. पण पाकीट रिकामं आहे."

३

आप्पा सतरा वर्षांचे असताना मंजुघोषच्या कारखान्यात लेबलं चिकटवायला लागले. तबकड्या लाखेच्या, त्यामुळे अंगाला लाखेचा वास यायचा तो कधी गेलाच नाही. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्या वडिलांना तसाच वास येतो. लेबलांवरून ते बांधणीत गेले, मग सायकलवरून दुकानादुकानांत माल पोचवायला. दुकानदार काय मागतात ते कंपनीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, यांना ठाऊक होतं. ते एका वहीत लिहून ठेवत. त्या वहीने त्यांना वर नेलं. त्रेपन्न साली ते मराठी विभागाचे प्रमुख झाले. आमच्या वस्तीतून त्या खुर्चीत बसलेला पहिला माणूस.

त्यांची परीक्षा मात्र चाळीतच व्हायची. नव्या तबकडीचा नमुना आला की रविवारी सकाळी ते ग्रामोफोन स्टुलावर ठेवून गॅलरीत लावत आणि मला विचारत, "किती दारं उघडली?"

मी मोजायची. बावीस खोल्या. दहा दारं उघडली तर रेकॉर्ड बाजारात. पंधरा उघडली तर आप्पा आईला म्हणत, "आज गोड कर काहीतरी." सुंदराबाईचा नमुना लावला तेव्हा बावीसच्या बावीस उघडली, आणि खालच्या मजल्यावरच्या बायका जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. गाणं संपताच एवढा कल्लोळ झाला की शेवटी ती काय बोलली ते कुणालाच ऐकू आलं नाही. तो नमुना हुकुमाबरोबर परत मागवला गेला.

हे सगळं आठवत मी बुधवारी त्यांच्या ऑफिसात गेले.

लतिका कर्णिक साचेघराची वही सांभाळायची. पस्तिशीची, चष्मा साखळीला अडकवलेला, जीभ चुरचुरीत. आप्पांची खुर्ची टेबलाखाली सरकवून ठेवलेली होती.

"बस. त्या खुर्चीत नको, हिच्यात बस. मला सवय व्हायचीय अजून." तिने वही उघडली. "हे बघ. जानेवारीत न विकणाऱ्या साच्यांची यादी निघते. प्रत्येकासमोर साहेब एक शब्द लिहायचे. 'मोडा' किंवा 'ठेवा'. मोडा म्हणजे तांबं वितळवून नवा साचा."

अक्षर आप्पांचंच होतं. पानामागून पान 'मोडा'.

"साहेबांना दया नव्हती गं. स्वतःच्या मेव्हण्याचं भजन मोडलं. मालकांच्या व्याह्याचं कीर्तन मोडलं, बोंबाबोंब झाली होती! म्हणायचे, लतिकाबाई, फळीवर जागा त्याच्यासाठी ठेवायची ज्याच्यासाठी दार उघडतं."

"आणि छपन्न सालचं?"

तिने पान काढून दिलं. "पाकीट क्रमांक ४१२ मधला साचा आज मोडला. दौलत कासारे. साक्षीदार: गॅब्रिएल परेरा." बस, एवढंच.

"त्या दिवशी साचेघरात कोण होतं?"

"दोघंच. साहेब आणि आपला रेकॉर्डिंगवाला गॅब्रिएल." तिने आवाज खाली घेतला. "गॅब्रिएल सहा महिन्यांत नोकरी सोडून घरी बसला. का, ते कुणाला सांगितलं नाही. तू विचार त्याला."

मी सहज पुढची पानं उलटली. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. तेच 'मोडा', 'मोडा'. मधे कुठेतरी एकच 'ठेवा'. दर वर्षी, एकाच क्रमांकासमोर.

"हे काय?"

लतिका वाकून हसली. "चारशे सात! अगं, ती एका मास्तरांची पेटी, नुसतं हार्मोनियम. पूर्ण महाराष्ट्रात एक्केचाळीस विकल्या, त्यातल्या तीस मास्तरांनीच घेतल्या असतील. मी चिडवायची, साहेब, ह्या पेटीवर एवढी माया का? म्हणायचे, असू दे, बिचारी कुणाच्या वाटेत नाही."

४

गॅब्रिएल परेरा खोताच्या वाडीत राहत होते. लाकडी जिना, वर फुलांच्या कुंड्या, आत कंपनीने टाकून दिलेला जुना कर्णा. त्यांच्या बायकोने, फिलोमिनाने, मला बघताच जवळ घेतलं आणि आत जाऊन रडून आली.

"दौलतची पोर," गॅब्रिएल म्हणाले. "कपाळ तेच. बस, बाय."

मी सरळच विचारलं. "अंकल, त्या दिवशी तुम्ही काय बघितलं?"

 त्यांनी उठून एक तबकडी काढली आणि खिडकीशी उन्हात तिरकी धरली.

"हे बघ. रेषा दिसतात? इथे गवई हळू गातो, रेषा सरळ. इथे तान मारली, बघ कशी थरथरते. जोराचा आवाज रेषेला हलवतो. मी तीस वर्षं रेकॉर्डिंग केलं, मला ग्रामोफोन लागत नाय. उजेडात धरली की कळतं, बाई ओरडते की झोपते."

"सुंदराबाईची कशी होती?"

"तिची?" ते हसले. "तिची तर वादळातला समुद्र. डफ आणि ती बाई! दोनदा सुई उडाली. तिसऱ्या वेळी मी तिला मायक्रोफोनपासून चार हात लांब उभी केली. तरी भिंत हलत होती."

"आणि गाणं संपल्यावर ती काहीतरी बोलली होती, ते तिचं नाव होतं?"

"दौलतचा नियम! जुन्या काळी रेकॉर्ड लांब परदेशात छापायला जायची. तिथल्या गोऱ्याला कसं कळणार कोण गातंय? म्हणून गाणारा शेवटी स्वतःच नाव सांगायचा. दौलत लेबलवाला ना, त्याला ते फार आवडायचं. नव्या माणसाकडून पहिल्यांदा तो नाव बोलूनच घ्यायचा. म्हणायचा, लेबल निघतं, पाकीट फाटतं, नाव गाण्यातच पाहिजे. मग मी ते कापायचो. सुंदराबाईचं कापायला त्याने दिलं नाय."

फिलोमिनाने चहा आणून ठेवला. मी घेतला नाही.

"त्या दिवशी, अंकल."

"त्या दिवशी दौलतने पाकीट चारशे बारा फळीवरून काढलं. माझ्यासमोर. आतून साचा काढला, क्षणभर माझ्या हातात दिला. मग भट्टीवाल्याला दिला. मी वितळताना बघितला. मेरीची शपथ. सही केली." त्यांनी डोळे पुसले. "खिडकीतून ऊन पडलं होतं त्याच्यावर. तलावाच्या पाण्यासारखा चकाकत होता, शांत. आणि मी मनात म्हटलं, संपली बाई. नंतर मला त्या कंपनीत काम होईना."

म्हणजे साचा खरंच वितळला होता. मी ज्या आशेने जिना चढले होते ती तिथेच संपली. आप्पांनी सोमवारी मग कशाच्या जोरावर 'आहे' म्हटलं?

५

घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत होती.

"आई, आप्पांनी कधी घरी हार्मोनियमची रेकॉर्ड लावली होती?"

"लावली होती की. जुन्या चाळीत, एका रविवारी. तू कॉलेजच्या सहलीला गेली होतीस." ती जरा हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदाच. "एकसुद्धा दार उघडलं नाही. उघडी होती त्यातली दोन लोकांनी लावून घेतली. हे म्हणाले, बकुळा, असली रेकॉर्ड मुंबईत दुसरी नाही. ही कुणी कधीच मागणार नाही."

मी तिच्या शेजारी खाली बसले. सुपातल्या तांदळाकडे बघत राहिले. आप्पांचा गुरुवारचा आवाज कानात होता. *पण शेवटपर्यंत ऐकायची. मध्येच उठायचं नाही.*

पेटी शेवटपर्यंत का ऐकायची? पेटी काही नाव सांगत नाही.

मग मला गॅब्रिएल अंकलचा तलाव आठवला, आणि मी उठून चपला घातल्या.

"आता कुठे?" आई म्हणाली.

"गंगाधरपंतांकडे. साचेघराची किल्ली त्यांच्याकडे असते."

६

शुक्रवारी सकाळी आम्ही चौघं परळच्या साचेघरात उभे होतो. गंगाधरपंत, वही घेऊन लतिका, गॅब्रिएल आणि मी. दोन हजारांवर पाकिटं, छतापर्यंत फळ्या. लाखेचा वास आला, आप्पांचा. 

"बोला," गंगाधरपंत म्हणाले. "मला अकराला मालकांना फोन करायचाय."

"तुम्ही म्हणालात, आप्पांचं एक बोलणं खोटं आहे. दोन्ही खरी आहेत. वहीत बघा. 'सुंदराबाईचा साचा मोडला' असं त्यांनी लिहिलेलं नाही. 'पाकीट ४१२ मधला साचा मोडला' असं लिहिलंय. तेवढंच खरं होतं."

"म्हणजे पाकिटात दुसरा साचा होता?"

"अंकल, तुमच्या हातातला साचा तलावासारखा शांत होता. सुंदराबाईचा वादळातला समुद्र होता. शांत साचा तिचा कसा असेल?"

गॅब्रिएल भिंतीला टेकले.  मग ते हळू म्हणाले, "मी बघितलं होतं, बाय. डोळ्याने बघितलं आणि मनाला सांगितलं, नको बघू. चार वर्षं. दौलतने तो माझ्या हातात दिला, तो मला कळावं म्हणूनच दिला असेल."

"आता खरा कुठे लपवायचा?" मी म्हणाले. "घरी नेला तर चोरी, आणि आप्पा चोर नव्हते. साचा कंपनीचा, तो कंपनीतच राहिला पाहिजे. पण दुसऱ्या कुठल्याही पाकिटात ठेवला तर धोका. कुणी दुकानदाराने ती रेकॉर्ड मागितली, कारखान्याने छापायला साचा काढला, की उघडकीला येणार. म्हणजे अशी रेकॉर्ड हवी, जी कुणी कधीच मागणार नाही. तीस वर्षं लोकांना काय हवं ते ओळखून आप्पा वर चढले. लोकांना काय नको तेही मुंबईत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं."

लतिकाने चष्मा डोळ्यांवर चढवला. तिला माझ्याआधी शब्द सापडले. "पेटी! अगं बाई. साहेबांनी स्वतःच्या मेव्हण्याला सोडलं नाही, आणि दर वर्षी पेटीला 'ठेवा'!"

"तेवढीच एक चूक," मी म्हणाले. "चांगल्या माणसाने वाईट रेकॉर्ड जपली."

गंगाधरपंत स्वतः शिडीवर चढले. पाकीट चारशे सात खाली आणलं. गॅब्रिएलनी साचा काढला, दोन्ही हातांनी धरला आणि खिडकीशी नेला.

उन्हात त्या तांब्यावरची प्रत्येक रेषा थरथरत होती.

 गॅब्रिएलनी साच्याच्या कडेवर अंगठा फिरवला, जिथे त्यांनीच कधीतरी क्रमांक कोरला होता. चारशे बारा.

मग गंगाधरपंत म्हणाले, "त्यांनी निदान मला तरी सांगायचं होतं."

"तुम्हीच तर हुकूम घेऊन आला होतात," लतिका म्हणाली.

 त्यांनी फोनाकडे न जाता कारखान्याकडे हाक मारली, "एक नमुना छापा. आत्ता. पांढरं लेबल."

मला मात्र दुसरंच कळत होतं. आप्पा मला का बोलले नाहीत ते. मी तेव्हा रोज मोर्च्यात ओरडत होते. मला सांगितलं असतं तर त्यांच्यावरचा बट्टा पुसायला मी दुसऱ्याच दिवशी नाक्यावर उभी राहून सगळ्यांना सांगितलं असतं, आणि तिसऱ्या दिवशी साचा वितळला असता. त्यांना त्यांची मुलगी नीट ठाऊक होती. म्हणून ते "हो" म्हणाले आणि माझा राग चार वर्षं घरात ठेवून घेतला.

७

रविवारी सकाळी मी आप्पांचा ग्रामोफोन घेऊन काळाचौकीला गेले. आई बरोबर होती. तीन वर्षांनी तो जिना चढत होतो. नळावरच्या बायकांनी ओळखलं, बोलल्या नाहीत. मी गॅलरीत जुन्या जागी, आमच्या खोलीसमोर, स्टूल ठेवलं. आता तिथे दुसरं कुणी राहत होतं. त्यांनी काही विचारलं नाही.

किल्ली दिली. सुई ठेवली.

आधी डफ वाजला. मग ती आली.

मी मोजत नव्हते. पण सवय जात नाही. तीन दारं. सात. कुणीतरी स्टोव्ह बंद केला. बारा. लहान मुलाला कडेवर घेऊन एक बाई उंबऱ्यात आली आणि तिच्यामागून तिची सासू, पदराने तोंड झाकून. एकोणीस. खालच्या जिन्यात पावलं वाजायला लागली. एकवीस.

गॅलरीच्या टोकाचं दार बंदच होतं.

गाणं तीन मिनिटांचं. डफ थांबला. सुई खरखरत पुढे गेली, आणि मग त्या खरखरीतून तिचा साधा, घाबरलेला, बोलायचा आवाज आला. असा की ती त्याच गॅलरीत उभी आहे:

"सुंदराबाई गुणाजी परब, काळाचौकी."

टोकाचं दार उघडलं.

गुणाजी चौकट धरून उभा होता. बनियनवर, अनवाणी. भिंतीला हात लावत लावत तो गॅलरीतून येऊ लागला. लोक बाजूला झाले. तो स्टुलापाशी पोचला, त्याने हात पुढे केला आणि फिरणाऱ्या तबकडीच्या वर, न टेकवता, धरून ठेवला.

"माझा नाव घेतल्यान," तो म्हणाला. "उभ्या जन्मात कधी घेवक नाय. लाजायची." मग त्याने मान वर केली. "ही ठेवल्यान कोणी? म्हणी वितळवली."

 आईने माझ्याकडे बघितलं.

"कोण हा थंय? चेडवा, तू काय? बसथांब्यावरची?" त्याने माझ्या दिशेने चेहरा वळवला. "सांग बघू. कोणाचा गो तू?"

बावीस दारं उघडी होती. मी ग्रामोफोनची सुई उचलून ठेवली, म्हणजे माझा आवाज स्वच्छ ऐकू जाईल.

"राधा दौलत कासारे," मी म्हणाले. "काळाचौकी."